ठमीचे तास

४ जून

वहिनी,

नमस्कार करायची सवय आहे म्हणून करते, त्याचा दुसरा अर्थ काढू नये. काल फोनवर तुम्ही "जे काही असेल ते लेखी द्या" म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. मी तुमच्या ऑफिसच्या खिडकीशी उभी असलेली बाई नाही, तुमची नणंद आहे. तरी ठीक. मुख्याध्यापिका आहे, लेखी द्यायला घाबरत नाही.

ठमीचं इंटर्नशिपचं प्रमाणपत्र तुमच्या हॉस्पिटलने अडवलं. कारण काय, तर ड्यूटीचे तास भरत नाहीत. वर्षभरात जी मुलगी घरी आली की जेवताना ताटावर मान टाकते, जिचे पाय सुजून चपलेत मावत नाहीत, जी फोनवर माझ्याशी बोलता बोलता घोरायला लागते, तिचे तास भरत नाहीत. युनिटमधल्या पाच इंटर्नमध्ये म्हणे तिचेच सगळ्यांत कमी. कोण म्हणतं? कागद म्हणतो. कागद कुठून आला? तुमच्या नोंदणी विभागाच्या नव्या सिस्टीममधून. आणि त्या विभागाच्या प्रमुख कोण? पोरीची सख्खी मामी.

पुढच्या शिक्षणाची जागा तिने स्वतःच्या हिमतीवर मिळवली आहे. एक ऑगस्टला प्रमाणपत्र घेऊन हजर व्हायचंय, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला जाईल. तिचे वडील गेल्यापासून आम्ही दोघी या एका दिवसाकडे डोळे लावून बसलोय. हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही कानावर हात ठेवलेत. तो कागद तुमच्या टेबलावरून गेला असणार, तेव्हा एक फोन करावासा वाटला नाही.

मला एवढंच हवंय. मशीनची चूक दुरुस्त करा आणि आठवड्याच्या आत कळवा. दादाला मध्ये घालू नका. तो बिचारा तुमच्यापुढे आजवर कधी उभा राहिला नाही, आता कुठला राहणार.

तुमची नणंद

९ जून

वन्सं,

पत्र मिळालं. अक्षर सुरेख आहे, मजकुराबद्दल तसं म्हणता येत नाही. तुमच्या भावाने ते वाचलं, घडी घातली, "मी जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून बाहेर पडले ते जेवायलाच उगवले. तेव्हा त्यांना मध्ये घालायची भीती बाळगू नका. ते स्वतःच कधी मध्ये येत नाहीत.

सिस्टीम काय आहे ते न समजता तुम्ही तिला नावं ठेवताय, म्हणून एकदा सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक इंटर्न ड्यूटीवर ड्यूटी करून जिन्यात झोपेतच कोसळला. हनुवटी फुटली, दोन दात गेले. तेव्हा ठरलं की या पोरांना सलग किती राबवायचं याला मर्यादा हवी, आणि ती पाळली जाते का हे बघायला मोजदाद हवी. युनिटचे मोठे डॉक्टर तोंडाने काहीही सांगतात. म्हणून मी असं बसवलं की इंटर्नने कॉम्प्युटरवर केसपेपर उघडून पहिली नोंद केली की त्याची ड्यूटी सुरू, शेवटची नोंद झाली की संपली. मध्ये फार वेळ काहीच नोंद नसेल, तर माणूस निघून गेला असं धरायचं. यात ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, रडगाणं तर मुळीच चालत नाही. बाहेरच्या हॉस्पिटलांतले लोक येऊन ही सिस्टीम बघून गेले. तुम्हाला कौतुक नसेल, त्यांना आहे.

आता तुमच्या मुलीचं. सकाळी येते, चार ओळी लिहिते, आणि मग दिवसभर तिच्या नावावर काही नाही. संध्याकाळी पुन्हा दोन ओळी. तिच्याच बरोबरचे चौघे पानंच्या पानं भरतात. मधल्या वेळात ती कुठे असते हे मला विचारू नका, तिला विचारा. या वयात मुली कुठे असतात ते मी सांगायला नको. ताटावर मान टाकते म्हणता, म्हणजे झोप कुठेतरी उडतेय हे नक्की. नाचता येईना अंगण वाकडं, हे मुलीने म्हटलं तर समजू शकते. आईनेच म्हटलं की बोलणंच खुंटलं.

कॉलेजची पहिली दोन वर्षं ती माझ्या घरी राहिली, तिचा डबा मी भरला. घरी मी मामी आहे. ऑफिसात मी विभागप्रमुख आहे, आणि नोंद आहे ती आहे.

वहिनी

१६ जून

वहिनी,

तुमच्या त्या एका वाक्यापायी मी सकाळची पहिली बस धरून ठमीचं हॉस्टेल गाठलं. पोरगी नुकतीच खोलीवर आली होती. दार लावून घेतलं आणि आईने विचारू नये ते सगळं विचारलं. कोण आहे तो, कधीपासून, कुठे भेटता. तिच्या खोलीतली दुसरी मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती. ठमी रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, "आई, तुझं बोलून होईपर्यंत मी आडवी होऊ का?"

हे मी तुमच्यामुळे केलं. हे मी विसरणार नाही.

मग हळूहळू कळलं ते आता तुम्ही ऐका. त्या युनिटमध्ये पाच इंटर्न आणि कॉम्प्युटर दोन. जो आधी खुर्ची धरतो तो लिहितो, बाकीचे धावतात. ठमीला नस एका टोचणीत सापडते. म्हाताऱ्यांची सापडते, तान्ह्या पोरांची सापडते, सुजून भोपळा झालेल्या हातातली सापडते. म्हणून अख्खा वॉर्ड तिलाच हाक मारतो. रक्त काढ, नमुने लॅबला पोचव, ब्लड बँकेतून पिशवी आण, एक्स-रेला ट्रॉली ढकलत ने, आल्यावर नातेवाइकांच्या शिव्या खा. हे सगळं ती करते, आणि खुर्चीवर बसलेला पोरगा त्याच्या लॉगिनमधून लिहितो, "रक्त काढले, नमुना पाठवला." कोणी काढलं हे तुमचं मशीन विचारत नाही. ज्याची बोटं चालली त्याची ड्यूटी.

मी म्हटलं, मग तूही बस की खुर्चीवर. तर म्हणाली, "मी बसले तर रक्त कोण काढेल? हे चौघे पेशंटच्या हाताची चाळण करतात गं."

वहिनी, तुम्ही डॉक्टरांचे तास मोजत नाही, टायपिस्टांचे मोजता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर त्या संन्याशाच्या चारित्र्यावर शिंतोडे. अर्थात उंटावरून शेळ्या हाकायची तुमची सवय आजची नाही. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या उशाशी कोण होतं हे सगळ्या नात्याने पाहिलंय. तेव्हाही तुम्हाला कामच होतं.

नव्याने मोजा. नाहीतर मला पुढचं पाऊल उचलावं लागेल.

नणंद

२१ जून

वन्सं,

आईंचं नाव तुम्ही काढलंत, मी नाही. आता ऐकून घ्या.

आईंच्या आजारपणात तुम्ही दर शनिवारी यायचात. उशाशी खुर्ची ओढून बसायचात, त्यांच्या केसांवरून हात फिरवायचात. येणारा-जाणारा म्हणायचा, लेक असावी तर अशी. मी कुणालाच दिसायचे नाही, कारण मी मागे मोरीत चादरी धूत असायचे. कूस बदलणं, पाठीचे चट्टे पुसणं, भांडं देणं, ते सगळं तुमची बस यायच्या आत उरकलेलं असायचं. तुम्हाला वास येऊ नये म्हणून खिडक्या उघडून ठेवलेल्या असायच्या. खिडक्या कोण उघडतं हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आई गेल्या त्या दिवशी आलेल्या बायकांनी तुम्हाला पोटाशी धरलं. मला एकीने विचारलं, चहाला आणखी कप आहेत का.

हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते, तुमच्या भावालाही नाही. तुम्हीच ओरबाडून काढलंत.

राहता राहिली ठमी. ती धावते हे ती सांगते आणि तुम्ही मानता. आईने मानावंच. माझ्याकडे त्याची नोंद नाही. आज तिच्यासाठी मोजणी बदलली तर उद्या पाचही जण येऊन सांगतील की आम्ही धावत होतो, आणि जे खरोखर झोपा काढतात ते सगळ्यांत मोठ्याने सांगतील. तीस वर्षं शाळा चालवताय, तुम्हाला हे कळू नये?

आणि सिस्टीमने तुमच्या मुलीचं वाटोळं वगैरे काही केलेलं नाही. उलट सोय केली आहे. ज्याचे तास कमी, त्याला पुढच्या तक्त्यात जादा ड्यूटी आपोआप लागते. तिलाही लागली आहे. जुलैअखेर तास भरतील, प्रमाणपत्र हातात पडेल, जागाही जाणार नाही. तिला सांगा, निमूट भरून काढ. आणि जमलं तर खुर्चीवर बसून भर.

पुढचं पाऊल खुशाल उचला. मी तुमच्या शाळेतली पोर नाही.

वहिनी

२६ जून

वहिनी,

आईबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही. घटकाभर तुमचंच खरं धरते. मग मला एवढंच सांगा, जी बाई मागच्या मोरीत उभी होती म्हणता, तिने असं मशीन बसवलं तरी कसं, की ज्यात उशाशी बसलेलीच तेवढी दिसते?

उत्तर लिहू नका. विचार करा.

आणि सोय म्हणे. तुमची सोय काय आहे ते मी तुम्हाला सांगते. पोरगी धावते म्हणून लिहीत नाही. लिहीत नाही म्हणून तास कमी. तास कमी म्हणून जादा ड्यूटी, आणि जादा ड्यूटीत पुन्हा धावणं. जितकी राबते तितकी कामचुकार ठरते, आणि जितकी कामचुकार ठरते तितकी आणखी राबते. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांना निदान झापड असते. त्याला वाटत असेल की आपण कुठेतरी चाललोय. माझी मुलगी उघड्या डोळ्यांनी फिरतेय.

काल मी फोन केला तर म्हणाली, "हो सिस्टर, आलेच." मी म्हटलं, अगं मी आई. म्हणाली, "हो, आलेच," आणि फोन ठेवला.

डीनना पत्र लिहून तयार ठेवलंय. तुमचं आमचं नातं त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि आकसाने हे चाललंय असंही लिहिलंय. आठ दिवस वाट बघेन.

नणंद

१० जुलै

वन्सं,

तुमचे आठ दिवस कधीच उलटले. डीनना पत्र आलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांचं टपाल माझ्याच विभागात उघडलं जातं. धमकी द्यावी तर निभावता येईल अशी द्यावी.

मोरीबद्दलची तुमची ती ओळ वाचून मला आला तेवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता. भाजी चिरताना, अंघोळ करताना, मीटिंगमध्ये, ती ओळ डोक्यातून जाईना. शेवटी तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून मी रजा टाकली आणि मोजायला बसले. खोटं पाडायलाच बसले होते, उगाच गैरसमज नको.

लॅबमध्ये नमुना घेताना तो आणून देणाऱ्याची सही घेतात. ब्लड बँकेत पिशवी नेणाऱ्याची घेतात, एक्स-रेला ट्रॉली आणणाऱ्याची घेतात. या सह्या जिथल्या तिथे पडून राहतात. माझ्या सिस्टीमला त्या जोडलेल्याच नाहीत. मी तिन्ही ठिकाणी जाऊन बसले आणि पाचही इंटर्नचं सगळं वर्ष उलगडलं. ब्लड बँकेतल्या बाईंना मी कोण ते माहीत नव्हतं. ठमीची सही दाखवून म्हणाल्या, "ही पोरगी इथेच राहते का हो? मी सकाळी येते तेव्हा असते, घरी जाते तेव्हाही असते."

ठमीचे तास कमी नाहीत. पाच जणांत तिचेच सगळ्यांत जास्त आहेत. नुसते जास्त नाहीत, मर्यादेच्या इतके बाहेर आहेत की आधी मला माझीच बेरीज चुकली असं वाटलं. पुन्हा केली. बेरीज बरोबर आहे.

आता लगेच पेढे वाटायला जाऊ नका. नियम असा आहे की मर्यादेबाहेर राबवलेला महिना धरलाच जात नाही. तो दुसऱ्या युनिटमध्ये पुन्हा करावा लागतो. युनिटवाल्यांना वचक बसावा म्हणून हा नियम केला होता. त्याचा फटका इंटर्नलाच बसतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. मीही त्या बैठकीत होते. मी हा कागद डीनना दिला, तर ठमीला जवळजवळ अर्धं वर्ष पुन्हा करावं लागेल. एक ऑगस्ट हुकला, म्हणजे जागा गेली. नाही दिला, तर ती कागदोपत्री कामचुकार राहील, जुलै संपेपर्यंत जादा ड्यूट्या करील आणि प्रमाणपत्र घेऊन निघून जाईल.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आई तुम्ही आहात. काय करायचं ते लेखी कळवा. उद्या "वहिनीने माझ्या पोरीचं वाटोळं केलं" हे मला नात्यातल्या बायकांकडून ऐकायचं नाही.

वहिनी

१५ जुलै

वहिनी,

कागद देऊ नका.

चार दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, तेव्हा हे लिहितेय. शेवटी सगळं माझ्याच गळ्यात बांधलंत, त्याला तोड नाही. पण आता पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. जिने वर्ष काढलं ती पंधरा दिवस काढेल. माझी मुलगी आहे, मेणाची बाहुली नाही. कामचुकार तर कामचुकार. एकदा जागेवर जाऊन बसली की कोण विचारतंय?

तिला यातलं काही कळू देऊ नका. ती वेडी आहे, खरं बोलून बसेल.

हे पत्र वाचून फाडून टाका. तुम्ही फाडणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

नणंद

१७ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. कागद मी काल सकाळीच डीनना दिला. पत्र आधी मिळालं असतं तरी दिला असता, म्हणून टपालखात्याला दोष देऊ नका. द्यायचा तर मला द्या.

परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी लॅबमध्ये जुलैतल्या नव्या सह्या तपासत होते. ठमी नमुन्यांचा ट्रे घेऊन आली. मी समोर होते. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. ट्रे ठेवला, सही केली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे उघडे होते. लॅबवाल्याने एक बाटली उचलली, लेबल वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, या नावाचा पेशंट वॉर्डात कोणी नाही."

मी लेबल पाहिलं. पेशंटचं नाव लिहायचं तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं. वळणदार अक्षरात, आडनावासकट. अक्षर अगदी तुमच्यासारखं आहे तिचं. रक्त एका बाळंतिणीचं होतं, आणि तिला कुठल्या गटाचं रक्त चढवायचं ते त्या बाटलीवरून ठरणार होतं.

मी बाटली ठमीसमोर धरली. तिने नाव वाचलं. मला म्हणाली, "बरोबर आहे ना?"

वन्सं, स्वतःचं नाव लिहिलं म्हणून ते पकडलं गेलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ती बाळंतीण गेली असती, आणि तुमची मुलगी एक ऑगस्टला प्रमाणपत्र घेऊन नव्या जागेवर जाऊन बसली असती. ते आयुष्यभर उरावर घेऊन. तुम्ही पंधरा दिवस म्हणता. डीन परवा बाहेर गेले होते म्हणून मला एक रात्र थांबावं लागलं, तेवढीही मला जड गेली.

मी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि तिला घरी घेऊन आले. तसा मला अधिकार नव्हता. युनिटच्या मोठ्या डॉक्टरांना नोटीस निघाली आहे. ते सगळ्यांना सांगत फिरतात की नोंदणीवाल्या बाईंनी भाचीसाठी हे कुभांड रचलं. सिस्टीम चुकीची बसवली, हे मी लेखी दिलं. डीनना दिलं, तुम्हाला देणार नाही. सध्या मला जुन्या केसपेपरांच्या तळघरात बसायला सांगितलंय. तिथे कुणी येत-जात नाही, तेवढंच बरं.

जागा गेली. त्याबद्दल मी गोड काही लिहिणार नाही, कारण मला सुचत नाही.

तुमचं पत्र फाडलं नाही. ठमीला दाखवणारही नाही. उद्या तुमचे भाऊ तिला घेऊन येतील.

वहिनी

२० जुलै

वहिनी,

दादा ठमीला सोडून दारातूनच परत गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही. "तुम्ही दोघी काय ते बघा" एवढंच म्हणाला. तुमच्या घरात राहून माणसाची काय गत होते ते दिसलं.

तुम्ही माझ्या मुलीची जागा घालवलीत. मी स्पष्ट शब्दांत नको लिहिलं होतं. आधी विचारलंत, आणि उत्तर यायच्या आत करून मोकळ्या झालात. मग विचारलंत कशाला? माझ्या तोंडून काय निघतं ते बघायला? ते लेखी आता तुमच्याकडे आहे, सांभाळून ठेवा. कधी उपयोगी पडेल.

इथे शाळेत मी सगळ्यांना एक ऑगस्टचं सांगून ठेवलं होतं. आता शिपायापासून सगळे विचारतील. यापुढे तुमच्याकडच्या कार्याला आम्ही येणार नाही, आमच्याकडच्या तुम्ही येऊ नका. दादाने यावं, त्याला दार उघडं आहे.

बाटलीचं तुम्ही लिहिलंत ते मला आधी खोटं वाटलं. तुम्हाला तिखटमीठ लावायची सवय आहे. ठमीला विचारायचं ठरवलं होतं, पण विचारणार कुणाला? आली ती बुटांसकट पलंगावर पडली. मी बूट काढले. मोजे तळव्यांना चिकटले होते, कोमट पाणी लावून लावून सोडवावे लागले. एकदाही हलली नाही. काल उठून पाणी प्यायली, माझ्याकडे बघून म्हणाली, "कितव्या खाटेवर?" मी म्हटलं, कितव्याच नाही. पुन्हा झोपली. तेव्हा मला कळलं की तुम्ही बाटलीचं खरं लिहिलं आहे.

उशाशी खुर्ची घेऊन थोडा वेळ बसले. मग उठले, आणि मागे जाऊन तिचे कपडे धुतले.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. ती जागी होईल तेव्हा तुझी जागा गेली हे तिला मला सांगायचंय, तुम्हाला नाही. ते कसं सांगायचं याचा मी दोन दिवस विचार करतेय आणि अजून सुचलेलं नाही.

तुम्ही या पत्राला उत्तर लिहिणार. लिहिल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही. लिहा, पण आठवडाभर तरी पेटीत टाकू नका. इथला पोस्टमन पत्र द्यायला दारावरची बेल दाबतो, आणि पोरगी झोपली आहे.

नणंद